पाण्याला वाट

फायबरची बोट कुजत नाही, असे आपल्याकडे सगळेच सांगतात. विकणारा सांगतो, घेणारा मान डोलावतो आणि पाच-दहा पावसाळे ते खरेही वाटते. त्याच भरवशावर मी सोळा फुटांची एक जुनी बोट विकत घेतली आणि टेम्पोवर घालून हिर्डोशीला आणली. पुढे एका फाल्गुनात इंजिन उतरवायला म्हणून तिच्यात चढलो, मधल्या तळफळीवर पाय ठेवला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. वरची फायबरची कातडी फाटली होती. तिच्याखाली प्लायवूड असायला हवे होते, तिथे काळपट ओला भुगा होता. मूठभर उचलला तर बोटांतून पाणी गळले. वास ओळखीचा होता. पावसात भिजलेल्या गंजीच्या तळाशी पेंढा कुजतो, त्याचा.

त्या दिवशी कळलेली गोष्ट साधी आहे. फायबर खरोखरच कुजत नाही; कुजते ते त्याच्या पोटात बंद केलेले लाकूड. बोटीची ताकद त्या लाकडाच्या आधाराने उभी असते आणि ते डोळ्यांना कधीच दिसत नाही. हे न दिसणारे लाकूड कसे ओळखावे, कसे उघडावे, कुजलेले काढून नवे कसे बसवावे आणि ते पुन्हा कुजू नये म्हणून काय करावे, हा या पुस्तकाचा विषय. पण कृतीला हात घालण्यापूर्वी विषयाची ओळख करून द्यायला हवी, आणि समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या कुशीतल्या एका गावात बसून बोटीवर पुस्तक का लिहावे, हेही सांगायला हवे.

भोरहून वरंध घाटाने महाडला जाताना नीरेच्या खोऱ्यात हिर्डोशी लागते. हा हिरडस मावळ. बांदलांचा आणि बाजीप्रभूंचा मुलूख म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. इथला माणूस भातखाचरांचा, डोंगराचा, गुराढोरांचा. नीरेवर देवघरला धरण झाले, सुमारे 11.73 टीएमसी पाणी अडले आणि खोऱ्याच्या तळाची जमीन पाण्याखाली गेली. शेजारच्या वेळवंडीच्या खोऱ्यात हे त्याआधीच घडले होते. तिथले भाटघरचे आजचे धरण 1920 च्या दशकातले, साडेतेवीस टीएमसींचे. वेल्ह्याच्या बाजूला पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी आहेत. दक्षिणेला, महाबळेश्वरच्या डोंगरापलीकडे, कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरला आहे. तिथल्या बामणोली आणि तापोळ्याच्या बोटी पर्यटकांना फिरवतात हे सगळ्यांना ठाऊक असते. पण पलीकडच्या काठावरच्या गावांना त्याच बोटी म्हणजे रस्ता आहे. बाजार, दवाखाना, शाळा, लग्नाची वऱ्हाडे, सारे पाण्यावरून जाते. गाड्याही तराफ्यावर चढून पाणी ओलांडतात.

कोकणपट्टीत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कोळी आणि गाबित समाजातला जाणता माणूस मचव्याचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि वांक, म्हणजे बरगड्या, नुसते ठोकून सांगतो की लाकूड जिवंत आहे की मेलेले. तिथे बाप मुलाला पाण्याबरोबर होडीही शिकवतो. आमच्या खोऱ्यांत पाणी एका पिढीत आले. धरणाने पाणी आणले आणि पाण्याने बोट आणली. बोटीची विद्या मात्र कोणी आणली नाही. म्हणून आमच्याकडे बोट बिघडली की दोनच गोष्टी होतात. एक तर तिच्यावर वरून ठिगळ मारले जाते, नाहीतर ती काठावर उलटी टाकली जाते आणि तिच्याखाली कोंबड्या निजतात. या दोन्हींच्या मधली वाट दाखवावी, म्हणून हा उद्योग.

आता बोटीच्या पोटात डोकावू. मावळातल्या जुन्या घराचा माळा डोळ्यांसमोर आणावा. भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळया आणि तुळयांवर तक्तपोशी. फायबरच्या बोटीत हीच रचना तळाशी असते. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या उभ्या फळीपर्यंत लांबीने दोन, तीन किंवा चार उभ्या लाकडी पट्ट्या जातात. त्यांना सगळे कारागीर स्ट्रिंगर म्हणतात. या आपल्या तुळया. त्यांच्यावर प्लायवूडची तळफळी, म्हणजे डेक. ही आपली तक्तपोशी. सगळ्यांवर काचतंतूंची मॅट अंथरून रेझिन पाजलेले असते. स्ट्रिंगरांच्या मधल्या पोकळीत बहुतेक वेळा पिवळसर फोम भरलेला असतो, बोट उलटली तरी बुडू नये म्हणून.

काच आणि रेझिन असताना लाकूड हवेच कशाला? फायबरचा पातळ पत्रा ओढायला फार मजबूत, पण वाकायला सोपा. नुसत्या त्याच्या तळावर लाटेचा मार बसला की तळ भात्यासारखा आतबाहेर होतो. त्याला ताठ ठेवायला उभे धिरे लागतात. इथे एक हिशोब लक्षात ठेवावा: पट्टीची जाडी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो, पण उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणून स्ट्रिंगर बारीक आणि उंच असतात, आणि म्हणूनच दुरुस्तीत त्यांची उंची अर्ध्या इंचानेही कमी करू नये. काचतंतू 1930 च्या दशकात कारखान्यांतून निघू लागले. 1942 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रे ग्रीन यांनी बनवलेली होडी ही फायबरची पहिली होडी मानतात. पुढच्या वीस वर्षांत जगभर साच्यांतून बोटी निघू लागल्या. लाकूड स्वस्त होते, हवे तसे कापता येत होते, काच त्यावर सहज बसत होती, म्हणून ते आत राहिले. एवढे मजबूत कवच बाहेर असताना आतल्या लाकडाला काय होणार, असा तो हिशोब होता.

तो हिशोब पाण्याने चुकवला. लाकूड कुजते ते बुरशीमुळे. बुरशीला ओल, हवा आणि ऊब लागते. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढू शकत नाही. ओल तीस टक्क्यांच्या आसपास गेली की बुरशीची चंगळ होते. पूर्ण बुडालेले लाकूड हवेअभावी टिकते आणि पूर्ण कोरडेही टिकते. मरते ते कायम ओलसर राहिलेले. मातीच्या भिंतीत शिरलेले तुळईचे टोक आधी का कुजते आणि मधला भाग शंभर वर्षे का टिकतो, याचे उत्तर हेच. बोटीतले लाकूड म्हणजे सगळीकडून भिंतीत शिरलेली तुळई. एकदा पाणी आत गेले की कवच त्याला बाहेर पडू देत नाही. ज्या आवरणाने लाकडाचे रक्षण करायचे, तेच त्याची कोठडी होते.

धरणाच्या पाण्यावर हे समुद्रापेक्षा लवकर घडते. खारे पाणी बुरशीला मानवत नाही. अमेरिकेतले जुने जहाजबांधणीवाले तर वांकांच्या मधल्या फटींत मुद्दाम मीठ भरून ठेवत. आपले पाणी गोडे आणि वरून घाटमाथ्याचा चार महिन्यांचा पाऊस. नीरेच्या उगमाकडच्या या पट्ट्यात जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, घरातल्या कपाटाला आणि चपलांना बुरशी येते. तिथे प्लायवूडला कोण सोडतो? म्हणून कोकणातल्या अनुभवावर आमच्या बोटीचे आयुष्य मोजू नये.

पाणी आत कुठून जाते, याचे उत्तर मला माझ्याच बोटीने दिले. तळफळी कापून उलटी केली, तेव्हा कूज सगळीकडे सारखी नव्हती. ती गोल गोल चकत्यांसारखी पसरली होती आणि प्रत्येक चकतीच्या मध्यभागी एक स्क्रू होता. त्यांतले आठ स्क्रू मी स्वतः मारले होते, बसायचे बाक पक्के करायला. दहा मिनिटांचे काम होते. भोके पाडली, स्क्रू आवळले, बाक घट्ट झाला म्हणून समाधानाने घरी गेलो. भोकात रेझिनचा एक थेंब सोडला नव्हता. त्या आठ भोकांतून पाणी थेंबाथेंबाने खाली जात राहिले. बाकीचे काम आधीच्या दुरुस्तीने केले होते. ती करणाऱ्या कारागिरांनी कुजलेल्या तळफळीवरच नवे प्लायवूड ठोकून वरून फायबर ओढले होते. वरून बोट नवी दिसत होती, पण कूज आत मुरतच राहिली.

गावात सुतारकाम करणारे एक आबा आहेत. आयुष्यात त्यांनी नांगर, बैलगाड्या आणि घरांचे माळे केले. बोट कधी केली नाही. उघड्या पडलेल्या स्ट्रिंगरपाशी ते बराच वेळ उकिडवे बसले. पटाशीचे टोक लाकडात घातले, ते लोण्यात जावे तसे गेले. तुकडा काढून त्यांनी तळहातावर ठेवला. तपकिरी, हलका, चौकोनी चौकोनी भेगांनी तडकलेला. अंगठ्याने दाबला, त्याची पूड झाली. मी पाणी शिरण्याच्या जागा दाखवत होतो, बंद कशा करायच्या ते सांगत होतो. आबा म्हणाले, ‘‘आत कुठनं शिरलं ते मागनं बगू. भायेर कुठनं जानार, ते आदी सांग.’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. भातखाचर करणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचतो, कारण त्याने जन्मभर दारे धरलेले असते. बांध कितीही भक्कम घातला तरी जास्तीचे पाणी खालच्या खाचरात सोडायला तोंड ठेवावेच लागते. नाही ठेवले तर पाणी आपले तोंड आपण पाडते आणि बांध घेऊन जाते. माझ्या बोटीत स्ट्रिंगर आडव्या धिऱ्यांना जोडले होते, तिथे पाणी मागे वाहून जायला एकही मोरी नव्हती. प्रत्येक कप्पा एक डबके होते आणि त्या डबक्यात फोम भिजत पडला होता. हा फोम कोरडा असताना घनफुटाला जेमतेम एक किलो भरतो. वर्षानुवर्षे भिजला की त्याच घनफुटात 20-25 किलो पाणी धरून बसतो. आम्ही तो खुरप्याने काढून पोत्यांत भरला, तर पोती दोघांना उचलेनात. इंजिन ओढत नाही म्हणून मी दोन वर्षे इंजिनाला दोष देत होतो. ते बिचारे एवढे पाणी वाहत होते.

आबांचा तो प्रश्न म्हणजे या पुस्तकाचा कणा. पाणी येणारच, हे धरून चालावे. लाकडाला ते कुठल्याही बाजूने शिवू देऊ नये आणि आलेल्या पाण्याला तळाच्या बुचापर्यंत जायला मोकळी वाट ठेवावी. पुढची सारी प्रकरणे या दोन गोष्टींचा तपशील आहेत.

लाकूडच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात भारतीय नौदलासाठी ‘म्हादेई’ ही शिडाची बोट बांधली गेली. तिच्या कायेत रेड सीडर लाकडाच्या पट्ट्या आहेत आणि त्यांना आतबाहेर काचतंतू आणि इपॉक्सी रेझिनचे कवच आहे. 2009 मध्ये ती नौदलात आली. त्याच वर्षी दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. दक्षिण महासागराच्या लाटा सोसलेल्या त्या बोटीच्या अंगात लाकूडच होते. ते टिकले, कारण बांधणाऱ्याने त्याच्यापर्यंत पाणी पोहोचू दिले नाही.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने आहे. पहिले प्रकरण निदानाचे. हातोडीच्या दांड्याने तळफळी ठोकत जावे. जिवंत जागा टणक वाजते, मेलेली बद्द वाजते. शंका असेल तिथला एखादा स्क्रू काढावा. मागोमाग तांबूस पाणी आले तर आणखी पुरावा नको.

दुसरे प्रकरण टेकूंचे आहे. घाईत असलेला वाचक ते ओलांडून पुढे जाईल, म्हणून इथेच बजावतो: तळफळी कापण्यापूर्वी बोटीला नाळेपासून मागपर्यंत तिच्या आकाराचे ठोकळे द्या आणि पाणसळ लावून तिची बैठक तपासा. तळफळी आणि स्ट्रिंगर काढले की कवच ढिले पडते. त्या अवस्थेत ते पिळले गेले आणि तसेच नवे स्ट्रिंगर बसले, तर तो पीळ कायमचा. मग बोट पाण्यावर सरळ चालत नाही आणि कशाने ते कोणाला कळत नाही.

पुढे कापणी, सफाई आणि साचे. कडेला दोनेक इंचांची पट्टी शाबूत ठेवून तळफळी काढायची, कुजलेल्या स्ट्रिंगरांच्या जागा आणि उंच्या मोजून ठेवायच्या, पुठ्ठ्याचे साचे करायचे. त्यानंतर सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम: जुने फायबर घासून उजळ करणे. नवे रेझिन जुन्या सुकलेल्या रेझिनशी एकजीव होत नाही, ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला पकडते. जिथे घासले नाही तिथे दोन-तीन वर्षांत सुटते. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आहे आणि आमच्या बाजारात सहज मिळते; इपॉक्सी महाग आहे, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला तिची पकड कितीतरी चांगली. इपॉक्सीवर मात्र पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणून काय वापरायचे ते सुरुवातीलाच ठरवावे.

नवे स्ट्रिंगर आयएस 710 या मानकाच्या मरीन प्लायचे करावेत, असा माझा आग्रह आहे. ते तळावर थेट टेकवू नयेत. खाली पुट्टीची गादी द्यावी, म्हणजे लाकडाची कड कवचाला एका रेषेत टोचत नाही. दोन्ही कोपऱ्यांत पुट्टीची गोलाई भरावी, कारण काचतंतू काटकोनात बसत नाहीत. तिथे हवेचा पोकळ बोगदा राहतो आणि पाणी तोच धरते. मॅटच्या पट्ट्या एकावर एक देताना प्रत्येक पुढची आधीच्यापेक्षा रुंद घ्यावी. मोऱ्या आधी पाडाव्यात आणि त्यांच्या आतल्या कडांना रेझिन पाजावे. तळफळी बसवण्यापूर्वी तिची खालची बाजू आणि चारी कडा भरपूर रेझिन पिऊ द्याव्यात, कारण एकदा बसली की तिथे हात पोहोचत नाही. स्क्रूचे प्रत्येक भोक आधी मोठे पाडावे, घट्ट इपॉक्सीने भरावे आणि सुकल्यावर त्या भरावात नवे भोक पाडावे. म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. माझ्या आठ स्क्रूंना हेच हवे होते.

रेझिनबद्दल एक इशारा प्रस्तावनेतच द्यायला हवा. पॉलिएस्टरला घट्ट करणारे हार्डनर एमईकेपी नावाचे पेरॉक्साइड असते. किलोभर रेझिनला ते 10 ते 20 ग्रॅम लागते. ते आणि रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालतात ते कोबाल्ट कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्म्याशिवाय बाटली उघडू नये. काचेची धूळ फुप्फुसात जाते, तिला नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही. आमच्या भागातला धोका आणखी एक. बोटी दुरुस्त करायचा हंगाम होळीपासून वैशाखअखेरपर्यंत, पाणी उतरलेले असते आणि हवा कोरडी. नेमक्या त्याच दिवसांत भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. रेझिन आणि ॲसिटोन दोन्ही झट्‌कन पेटतात. वाऱ्यावर ठिणगी येईल अशा जागी काम मांडू नये. चैत्रातल्या दुपारी कालवलेले रेझिन हातातल्या डब्यातच तापून दगड होते. म्हणून पहाटे काम करावे आणि एका वेळी थोडेच कालवावे.

एवढा खटाटोप करण्याऐवजी नवी बोट का घेऊ नये, असे मला अनेकांनी विचारले. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. पण जुन्या बोटीचे कवच बहुतेक वेळा शाबूत असते आणि ते टाकून दिले तर जाणार कुठे? फायबर वितळवून पुन्हा घडवता येत नाही, जाळले तर विषारी धूर होतो, मातीत मुरत नाही. धरणाच्या काठावर टाकलेली बोट आपल्या नातवंडांनाही तिथेच दिसेल. आतले लाकूड बदलले तर तेच कवच आणखी वीस-पंचवीस वर्षे माणसे वाहू शकते. मात्र कवचच आरपार तडकले असेल किंवा मागची फळी, ट्रान्सम, इंजिनाच्या भाराने फाटली असेल, तर हे पुस्तक मिटून जाणत्या कारागिराकडे जावे. बोट प्रवासी नेणारी असेल तर दुरुस्तीनंतर तपासणी करून घेतल्याशिवाय माणसे बसवू नयेत. अंतर्देशीय जहाजांचा 2021 चा कायदा आहेच. पण कायदा नसता तरी, ज्या बोटीत दुसऱ्याचे लेकरू बसणार तिच्या तळफळीखाली काय आहे ते आपल्याला माहीत असलेच पाहिजे.

हे पुस्तक बोट चालवणाऱ्यांसाठी आहे, मासेमारी करणाऱ्यांसाठी आहे आणि गावोगावच्या सुतार-वेल्डरांसाठी आहे, ज्यांच्या हातात कसब आहे पण या कामाची ओळख नाही. त्यांच्यासाठीच भाषा वर्कशॉपमधली ठेवली आहे. ज्या गोष्टीला लोक रेझिन म्हणतात तिला रेझिनच म्हटले आहे. ज्यांनी हत्यारे उसनी दिली, धुळीत उभे राहून बोट उचलू लागले आणि माझ्या चुका तोंडावर सांगितल्या, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. आबांचे ऋण या साऱ्यांहून वेगळे.

बोट पुन्हा पाण्यात गेली, तिने एक पूर्ण पावसाळा काढला. कार्तिकात आम्ही तिला काठावर ओढून नाळ उंच केली आणि मागचे बूच काढले. आबा शेजारी उभे होते. आधी काहीच आले नाही. मग पुढच्या कप्प्यातून मोऱ्या ओलांडत येणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज आला आणि तांब्याभर पाणी बाहेर पडले. आबांनी ते ओंजळीत धरून पाहिले. स्वच्छ होते, त्याला वास नव्हता. धार बारीक झाली, थेंब पडू लागले, मग तेही थांबले. आबांनी हात धोतराला पुसले आणि ते घराकडे वळले.

हिर्डोशी, ता. भोर, जि. पुणे
अक्षय्य तृतीया